जाळं टाकणाऱ्या बाईचं रेकॉर्ड

“नावं बदलली आहेत ना? मग झालं तर,” असं म्हणून मी कुमुदच्या हातातून वही घेतली.

“सर, वर्गात वाचा. इथं नको,” ती म्हणाली.

“कमिटी येऊन बसलीय. आता वाद नको.”

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. समाजकार्याचा कोर्स नवा होता. ‘दुसऱ्याला मदत करायला डिप्लोमा कशाला लागतो?’ असं युनिव्हर्सिटीतलेच लोक आमच्या तोंडावर म्हणत. कोर्स पुढे चालवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला तिघांची कमिटी आमच्या शिबिरावर आली होती. शिबिर चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीकडच्या एका तळ्याकाठच्या गावात. मी फील्डवर्क सुपरवायझर. मुलांना घरोघरी पाठवायचं आणि त्यांनी केलेलं काम तपासायचं, ही माझी नोकरी.

प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थ्याने केस रेकॉर्ड लिहायचं असतं. कोण काय बोललं, आपण काय बोललो, सगळं जसंच्या तसं. आणि ते गुप्त ठेवायचं. कुमुदचं रेकॉर्ड माझ्या नोकरीत पाहिलेलं सर्वांत चांगलं होतं.

तिची केस होती पार्बताबाई. ढिवराचं घर. ढिवरांत जाळं पुरुष टाकतात, बाया बाजारात मासे विकतात. पार्बताबाईच्या नवऱ्याच्या, डोमाच्या बोटांची जाणीव गेली होती. महारोगाची सुरुवात. गावाला कळलं असतं तर त्याच्या घरचा मासा कोणी हातात धरला नसता. म्हणून पहाटे डोमा नुसता डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसायचा आणि जाळं पार्बताबाई टाकायची. कोणी विचारलं तर ‘त्याचा खांदा उतरला’ म्हणायची. महिनाभर कुमुद त्या घरी जात होती, तेव्हा कुठे बाईने तोंड उघडलं. मग कुमुदने डोमाला चांद्याच्या दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू करून दिल्या. गोळ्या बरीच वर्षं घ्यायच्या होत्या. गुण येत होता.

अशी केस हातात असताना मी दुसरं काय वाचणार?

शाळेच्या पडवीत सभा भरली. कमिटीला बरं वाटावं म्हणून मीच गावची चार मंडळी बोलावली होती. त्यांत मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष सखारामभाऊही होते. मी ‘अ-बाई’ आणि ‘ब-भाऊ’ अशी नावं घेत झोकात वाचलं. आवाजात चढउतारसुद्धा केले. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

वाचन संपलं. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, “याला म्हणतात ट्रेनिंग!” मी कुमुदकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

सखारामभाऊ माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, “मास्तर, ह्या गावात जाळं फेकनारी बाई एकच हाय. खांदा म्हनून राह्यली होती ते. आमाले काऊन नाई सांगतलं तुमी?”

“भाऊ, ही केस इथली नाही,” मी म्हणालो. ते नुसते हसले.

त्या आठवड्याच्या बाजारात पार्बताबाईची पाटी भरलेली परत गेली. सोसायटीने डोमाला तळ्यावर यायला बंदी केली. गावच्या विहिरीवर बाया तिला बघून बाजूला व्हायला लागल्या. कुमुदला तापाचं निमित्त करून मी आधीच घरी पाठवलं होतं. खरं म्हणजे तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती.

मी पार्बताबाईकडे गेलो तेव्हा सामान बैलगाडीत चढलं होतं. सिरोंच्याकडे तिचा भाऊ होता. डोमा पाठ फिरवून बसला होता.

“बाई, वहीत नाव बदललेलं होतं,” मी म्हणालो.

“नाव बदललं, मास्तर. पर जाळं तं माह्यंच होतं ना?”

“गोळ्या बंद करू नका. तिकडेही दवाखाना असेल.”

“आता कोनाले सांगू नाई काई,” ती म्हणाली. मग थांबली. “कुमुदबाई मले बहिनीवानी वाटे. तिनंच गावाले सांगतलं का?”

वाचलं मी होतं. माणसं मी बोलावली होती. कुमुदने नको म्हटलं होतं. एवढं सांगायला तीन वाक्यं पुरली असती. माझ्या तोंडून एकही फुटलं नाही. डोमाने बैल हाकले आणि गाडी निघून गेली.

कोर्स मंजूर झाला. कमिटीने अहवालात त्या रेकॉर्डची खास तारीफ केली. डोमाच्या गोळ्यांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

पुढे निवृत्तीपर्यंत मी फील्डवर्कचाच पेपर शिकवला. ‘गोपनीयता म्हणजे काय?’ हा प्रश्न हमखास असायचा आणि मुलं हमखास लिहायची, ‘नाव बदलणे.’ मी अर्धेच मार्क द्यायचो. माणूस नावाने कमी आणि त्याच्या कामाने जास्त ओळखू येतो, हे मी वर्गात सांगायचो. रेकॉर्ड वाचण्याआधी ज्याची केस त्याला विचारावं, हेही सांगायचो.

कुमुद नंतर आमच्याच विभागात शिकवायला आली. शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसली. पार्बताबाईचा विषय निघाला की म्हणायची, “सर, निदान तुम्ही तिला सांगितलंत, की मी नको म्हटलं होतं.”

मी “हो” म्हणायचो.