अण्णांचं बी-ट्वेल्व्ह

आई गेल्यावर माझे वडील, अण्णा, फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. त्या हिवाळ्यात ते दोनदा गॅस चालू ठेवून शेतात गेले. एकदा तर आमच्याच बांधावर उभं राहून त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, घर कोणत्या अंगाला? मग मी त्यांना शहरात, पडेगावला माझ्याकडे आणलं. गावचं घर कायमचं बंद करावं, असं माझ्या मनात होतं. त्यांना ते कळलं असावं.

"माय, मला गावाला कवा सोडती?" रोज सकाळी त्यांचा मला हाच प्रश्न.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यामुळे आपल्याला सगळ्यातलं कळतं, असा एक भाबडा समज होता. मेडिकलमधून मेंदूचं चित्र असलेल्या तीन डब्या आणल्या आणि रोज जेवणानंतर एकेक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवू लागले. चौथ्या दिवशी अण्णांनी कॅप्सूल नाकाशी धरली.

"ह्याला मासळीचा वास येतोय."

डबीवर माशाचं तेल असं स्वच्छ लिहिलं होतं. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. "एवढी शिकली, अन् वाचलं नाय व्हय?" ते म्हणाले. रागावले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घाटी रुग्णालयाजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी डब्या बाजूला सारल्या. "आधी रक्त तपासू. औषध मग ठरवू." रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व्ह, म्हणजे शाकाहाऱ्यांना मुख्यतः दुधातून मिळणारं जीवनसत्त्व, फारच कमी निघालं. विसरण्यामागे हे एक कारण असू शकतं, त्या म्हणाल्या; सगळंच परत येईल असं नाही, पण ही कमतरता नक्की भरून काढता येते. मला तेवढाही आधार पुष्कळ होता.

इंजेक्शन पाहून अण्णांनी बाही खाली ओढली. "बाई, ह्यात मासळी-बिसळी नाय ना? हिनं एकदा बाटवलंय मला."

"नाही हो काका. हे जंतूंपासून तयार करतात."

"जंतू? मंग ते बी जीवच की!"

डॉक्टरबाई हसल्या. "दह्यातही जंतूच असतात. दही खाता ना?"

"नाय."

"मग दूध?"

"दूध डेअरीला जातंय."

"सगळं?"

"हिच्या कॉलेजाची फी होती ना. तवा लागलेली कोऱ्या चहाची सवय, ती ऱ्हायली."

पाऊसपाण्याचं बोलावं तसं ते बोलले आणि बाही वर केली. माझं शिक्षण संपून वीस वर्षं उलटली होती. सुट्टीत घरी गेले की माझ्या कपात दुधाचा चहा असायचा. त्यांच्या कपात काय आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली, पुढे गोळ्या. महिनाभरानं त्यांच्या पायांना येणाऱ्या मुंग्या कमी झाल्या. मग एके दिवशी माझ्या सासरचं एक नातं सांगताना मी केलेली चूक त्यांनी दुरुस्त केली. गल्लीतल्या दुकानातून सामान घेऊन न चुकता परत येऊ लागले. कधीकधी वार चुकत, पण माणसं आणि रस्ते ओळखीचे झाले होते.

"आता गावी ठेवून बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगा."

मी फुलंब्रीपर्यंत सोबत येते म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "मी काय बोचकं हाय का पोचवायला?" त्यांना एसटीत बसवून दिलं आणि मी दुपारभर फोनजवळ बसून राहिले. शेवटी फोन आला.

"पोचलो. पण छत्री एसटीत ऱ्हायली."

पुन्हा विसरायला लागले की काय, असं वाटून मी विचारलं, "कुठं ठेवली होती?"

"ड्रायव्हरच्या मागचं तिसरं बाकडं, खिडकीच्या अंगाला, वरच्या फळीवर. कंडक्टर जाड मिशीवाला हाय. गाडी संध्याकाळी तिकडं परत यील. जाऊन घेऊन यी."

मी लगेच चप्पल घातली आणि बसस्थानकाकडे निघाले.