दुसऱ्या मानाची जागा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात उपराष्ट्रपतींना जेमतेम चार ओळी होत्या, पण बाबा त्या चार ओळींवर अख्खा तास घ्यायचे. गावातल्या मराठी शाळेत ते माझे गुरुजी होते. शाळेत त्यांना बाबा म्हणायची सोय नव्हती. मीही इतरांसारखी बोट वर करून बसत असे.

"उपराष्ट्रपतींचं काम काय?"

"राष्ट्रपती नसतील तेव्हा त्यांचं काम बघणं, गुरुजी."

"आणि असतील तेव्हा?"

मग बाबा खुलून सांगत. उपराष्ट्रपती राज्यसभेत सर्वांत उंच खुर्चीवर बसतात, पण वादात पडत नाहीत, दुसऱ्यांना बोलू देतात. मतसुद्धा एरवी देत नाहीत, दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच. राष्ट्रपती गेले तर हे त्यांच्या जागी येतात, तेही नवी निवड होईपर्यंत, म्हणजे फार तर सहा महिने. एकदा मी विचारलं, "उपराष्ट्रपती तिकडे गेले तर त्यांच्या जागी कोण?"

"कोणी नाही. राज्यसभा उपसभापती चालवतात. पण ही जागा रिकामीच राहते," बाबा म्हणाले आणि फळा पुसायला वळले.

त्यांना या धड्याचा एवढा लळा का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रामदेवतेच्या देवळात आमचं घराणं दुसऱ्या मानाचं. पहिला मान खाडीकडच्या थोरल्या घराण्याचा. जत्रेच्या दिवशी थोरल्या घरचा कर्ता हातात नारळ घेऊन देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचा. पीकपाण्याचं, आजाराचं, मुंबईला गेलेल्या पोरांचं, समुद्रावर गेलेल्या होड्यांचं. प्रत्येक मागणीनंतर सारा गाव "होय म्हाराजा" म्हणून साद देतो. दुसऱ्या मानकऱ्याने त्याच्या डाव्या अंगाला एक पाऊल मागे उभं राहायचं आणि पहिला "होय म्हाराजा" म्हणायचा. त्याने म्हटल्याशिवाय गाव तोंड उघडत नाही. पहिल्या घरी सुतक असलं तर मात्र गाऱ्हाणं दुसऱ्याने घालायचं.

माझ्या आजोबांना ती संधी कधी मिळाली नाही. बाबांनाही मिळत नव्हती. थोरल्या घरात माणसं मरत नव्हती असं नाही, पण मरायची ती भर पावसाळ्यात, जत्रेपासून लांब. आई म्हणायची, "तेंच्या घरातला मरणसुदीक आमच्यावर रुसलला आसा."

ती हे हसत म्हणायची, पण तिला ते लागलेलं होतं. लग्नात तिच्या माहेराहून बाबांसाठी पूजेला नेसायचा जांभळा रेशमी कद आला होता. बाबांनी तो नेसलाच नाही. गाऱ्हाणं घालायची वेळ येईल त्या दिवशी नेसेन, असं लग्न नवं असताना म्हणून बसले होते. तेव्हापासून तो ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होता. आपल्या नवऱ्याने एकदा तरी पुढे उभं राहावं आणि गावाने मागून साद द्यावी, एवढीच आईची हौस. तिने दागिने मागितले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

थोरल्या घरचे मानकरी बाबांचे बालपणापासूनचे सोबती. आम्ही मुलं त्यांना थोरले काका म्हणत असू. संध्याकाळी दोघं आमच्या पडवीत बसून पेपर वाचत. बाबांनी त्यांना सांगितलं होतं, की अमेरिकेत सुरुवातीला अध्यक्षाच्या निवडणुकीत जो दुसरा येई, त्यालाच उपाध्यक्ष करत. काका म्हणाले, "म्हंजे हरल्याक गप करूची सोय!" दोघं ठसका लागेपर्यंत हसले होते.

मग ते साल आलं, ज्यात अमेरिकेच्या अध्यक्षांना गोळी घातली. पेपर आमच्याकडे उशिरा यायचा. उपाध्यक्षाने विमानातच शपथ घेतली, हे बाबांनी मोठ्याने वाचलं आणि पेपर खाली ठेवला. "रडाक तरी वेळ गावलो आसात काय तेका?" एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी काका आले नव्हते. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, पाणीही घेत नव्हती. जत्रा तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ट्रंक उघडली आणि कद अंगणातल्या दोरीवर उन्हात घातला. घडी मोडून कसर लागली का बघावं, एवढाच तिचा विचार होता असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. मी तिच्यावर अर्धा विश्वास ठेवते. आमच्याकडे ठेवणीतलं सोवळं दोरीवर दिसलं की ते कशासाठी, हे कुणाला सांगावं लागत नाही.

थोडा वेळ गेला आणि थोरली काकी, काकांची बायको, दगडी गडग्याच्या कडेने आली. बाबांनी वैद्यांना घेऊन यावं, हा निरोप द्यायला आली होती. तिने दोरीकडे पाहिलं, मग आईकडे. तोंडातला निरोप तोंडातच ठेवून ती आल्या वाटेने परत गेली.

बाबा शाळेतून आले तेव्हा आई चुलीपाशी रडत होती. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर आईला सोसलं असतं. त्यांनी कद स्वतः काढला, घडी घातली आणि म्हणाले, "अगो, तू कद नाय सुकत घातलंस. तेंच्या घरातला मरण सुकत घातलंस."

म्हातारी वाचली. पुढे तीन पावसाळे काढून सावकाश गेली, तीही आषाढात. कद दोरीवर आला त्या वर्षीच्या जत्रेत काकांनी नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं, बाबांनी नेहमीसारखा पहिला "होय म्हाराजा" म्हटला. काका पडवीत येत राहिले, कदाचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. पण काकी आमचं अंगण पुन्हा चढली नाही. हळदीकुंकवाला आई जायची, काकी कुंकू लावायची आणि नजर दुसरीकडे ठेवायची. तेवढ्यासाठी आई नटून जायची आणि घरी येऊन लुगडं न बदलता बसून राहायची. मला काकीचा संताप यायचा. आता येत नाही.

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात गेले त्या उन्हाळ्यात आपले राष्ट्रपती पदावर असतानाच वारले. रेडिओ ग्रामपंचायतीत होता, तिथे सगळे जमले. उपराष्ट्रपतींनी त्यांचं काम हाती घेतल्याची बातमी लागली, तेव्हा कुणीतरी बाबांना चिडवलं, "गुरुजी, तुमचो माणूस पुढे गेलो!" थोरले काकाही हसले. बाबा हसले नाहीत.

त्याच वर्षी कार्तिकात, खळ्यात भात झोडताना काका बसल्या जागी कलंडले. उठलेच नाहीत. जत्रा त्यांच्या दहाव्याच्या आत येत होती.

आई ट्रंकेच्या जवळसुद्धा गेली नाही. जत्रेच्या दिवशी बाबा रोजच्या पूजेचा साधा पंचा नेसून निघाले. मी आणि आई मागे होतो. देवळाची वाट थोरल्या घरावरून जाते. तिथे बाबा मान खाली घालून चालू लागले, तोच खिडकीच्या गजांमागून काकीचा आवाज आला.

"भावजी, कद खंय?"

बाबा थांबले. आई तर माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "ट्रंकेत आसा, वैनी," बाबा म्हणाले.

"नेसान येवा. तेंचो मान काय पंचो नेसान करतल्यात?" आणि मग जरा थांबून, "तिका सांगा, मी बगतंय हंयसून."

तिचं तोंड आम्हाला दिसलं नाही. आम्ही घरी परत आलो. आई ट्रंकेपासून दूरच उभी राहिली, कडी मीच काढली.

देवळात गाव खोळंबला होता. बाबांनी नारळ घेतला आणि काकांच्या जागी उभे राहिले. जांभळा कद, घडीच्या रेघांवर विटलेला. आईने पदर तोंडाला लावला. बाबांचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला.

"बा देवा म्हाराजा, आज पयल्या घरातलो तुझो चाकर तुझ्याकडे इलो आसा. तेका पायाशी जागा दी रे म्हाराजा!"

कुणीच बोललं नाही. बाबांच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे, कोणी नव्हतं. ती जागा भरायची असते हे कुणाला सुचलंच नव्हतं, आणि गाव तर तिथून साद यायची वाट बघत होता.

बाबाही वाट बघत होते. मग जन्मभराच्या सवयीने त्यांनी स्वतःच मान खाली घातली, अर्धं पाऊल मागे सरकले आणि हळूच म्हणाले, "होय म्हाराजा."

त्यानंतर त्यांना पुढचं गाऱ्हाणं घालता आलं नाही. नारळ छातीशी धरून ते लहान मुलासारखे रडू लागले.