परड्यातला जर्मनचा पेला

वीस वर्षं मी बेळगावच्या एका दवाखान्यात पोटाच्या वॉर्डावर नर्स होते. पटकी, आव, मुदतीचा ताप, पोटशूळ! असल्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच आपल्या मागं लागतात. प्रश्न असतो तो सांगायचे कुठे. लग्नाच्या पंगतीत बायका आग्रह करतात, "सांगा की हो एखादा!" आणि बेडपॅन हा शब्द आला रे आला की नाक मुरडून म्हणतात, "अगं बाई, जेवताना नको!" म्हणजे पोट तुमचं, पोटातलं तुमचं, आणि घाण कोण? तर मी!

ही सगळी इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या हातचं औषध साऱ्यांना चालायचं, पाणी चालायचं नाही. कारण हा हात बेडपॅन उचलतो. बाहेरच्यांचं सोडा. नवरा गेल्यावर वडिलांनी हट्टानं मला नर्सिंग शिकायला धाडलं होतं. ते होते तोवर कुणी काही बोललं नाही. ते गेले, आणि निपाणीला माहेरी आईनं माझ्यासाठी एक पेला वेगळा काढला. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. घरात बाकी सगळी पितळेची भांडी! तो पेला मागच्या परड्यात, भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. मी परड्यातल्या दगडावर बसायचे आणि वहिनी हातभर वरून त्यात पाणी ओतायची.

जन्मले त्या घरात, माझ्या माणसांशेजारी बसून पाणी प्यावं, एवढीच माझी इच्छा होती. फार होतं का हो हे?

•

बोरगावकडचे एक तंबाखूचे व्यापारी होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पोटात अल्सर. डॉक्टरांचा हुकूम, दर दोन तासांनी थोडं थोडं दूध. आप्पा म्हणाले, "बाई, तुम्ही औषध तेवढं द्या. दूध आमचा माणूस आणंल."

माणूस यायचा दिवसातून दोनदा. मधल्या वेळात आप्पा पोट धरून कण्हायचे, आणि दुधाचा कप समोर धरला की तोंड फिरवायचे.

मी विचारलं, "आप्पा, औषध माझ्या हातचं चालतं, मग दूध का नाही?"

"औषध इलायती हाय. त्येला इटाळ न्हाय!"

तिसऱ्या दिवशी मी कंपाउंडरकडून रिकामी बाटली मागून आणली. तिला डोस मोजायच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवली, आत दूध भरलं, बूच मारलं आणि आप्पांच्या समोर खळाखळा हलवलं. आप्पा डोळे मिटून घटाघट प्याले. तीन आठवडे प्याले. अंगानं भरले, कण्हणं थांबलं.

घरी जायच्या दिवशी मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, त्ये पांढरं औषध लई गुणाचं. चार बाटल्या बांधून द्या, घरी ठिवतो."

त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या!

•

टिळकवाडीतले एक वकील. अस्पृश्यता निवारणावर त्यांची भाषणं व्हायची. टाळ्या पडायच्या, मीही एकदा मागं उभी राहून वाजवल्या होत्या. पुढं त्यांना रक्ती आव झाली आणि आमच्या वॉर्डात आले. बार्लीचं पाणी घेऊन गेले, तर म्हणाले, "तिथं ठेवा. घरून मंडळी येतील, त्या पाजतील."

मला राहवलं नाही. म्हटलं, "वकीलसाहेब, मागच्या महिन्यात तुम्ही टेबलावर मूठ आपटून काय सांगत होता?"

"बाई," ते क्षीण आवाजात म्हणाले, "भाषण वेगळं, पोट वेगळं!"

त्या दिवसात त्यांचं बेडपॅन मी चौदा वेळा उचललं. त्याला मात्र त्यांनी मंडळींची वाट बघितली नाही!

•

खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. एका कानडी मावशींनी खोली दाखवली, भाडं सांगितलं, चहासुद्धा टाकला. मग विचारलं, "काम काय करतीस?" मी म्हटलं, "नर्स." मावशींनी चुलीवरचा चहा खाली उतरवला. "नर्स? ब्याडा, ब्याडा!" कानडीत 'नको' एकदाच म्हटलं तरी कळतं. त्यांनी दोनदा म्हटलं.

चार महिन्यांनी त्याच मावशी धापा टाकत दवाखान्याच्या फाटकात हजर. मालकांचं पोट पाच दिवस साफ झालं नव्हतं, फुगून नगारा झाला होता. "आक्का, तुझ्या पाया पडतो. एनिमाचं भांडं घेऊन चल!"

गेले. काय करणार, पोट बिचाऱ्याचं काय चुकलं? दारापर्यंत पोचलो, तशा मावशी आडव्या उभ्या राहिल्या.

"पुढनं नको गं, लोक बघत्यात. मागच्या दारानं ये!"

•

हा हसण्याचा नाही, पण सांगते.

मच्छे गावचा एक तरणाताठा पोरगा, मुदतीचा ताप. विसाव्या दिवशी ताप उतरला. तो हसला, भूक लागली म्हणाला. हाच दिवस वाईट असतो. आतडं आतून ओल्या कागदासारखं झालेलं असतं. मी त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं, "मावशी, अजून दहा दिवस फक्त पातळ. भाकरी दिलीत तर पोरगा हातचा जाईल." तिनं मान डोलवली.

मी दुसऱ्या पेशंटचं अंग पुसत होते, तेवढ्यात तिनं पदराखालची भाकरी-पिठलं काढून त्याला भरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं पोट फळीसारखं कडक झालं. संध्याकाळी तो गेला.

व्हरांड्यात ती माऊली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "भाकरीनं कुणी मरतंय व्हय? त्या बाईच्या हातचं पानी पाजलं, तवाच म्या वळखलं!"

जिचा पोरगा गेला तिच्यावर रागवावं कसं? पण राग आला, खोटं कशाला बोलू. अजून येतो.

•

आणि मग आमची वहिनी. तीच, हातभर वरून पाणी ओतणारी. तिला मुदतीचा ताप आला. अण्णानं, म्हणजे माझ्या भावानं, सर्व्हिस मोटारीत घालून तिला बेळगावला आणलं. आईचा निरोप बरोबर होता, "तिला पाणी दुसऱ्या कुणाच्यातरी हातून पाज."

दोन दिवस वहिनीनं माझ्यापुढं ओठ मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणली, तेव्हा तिनंच माझं मनगट धरलं आणि तोटीचा कप तोंडाला लावला.

पाच आठवडे मी तिचं सगळं केलं. पहिल्यांदा बेडपॅन दिलं तेव्हा ती रडायला लागली, "वन्सं, ह्ये तुम्ही करू नगासा."

"मग कोण करणार? तुझी सासू?"

ती हसली. पोट धरून हसली. मीच घाबरून गप्प केलं.

घरी जाताना मी बजावलं, "दोन महिने न उकळलेलं काहीही पोटात जाता कामा नये. पाणी, दूध, काही म्हणजे काही. देवाचं तीर्थ असलं तरी!"

महिन्याभरानं निपाणीला गेले. नेहमीसारखी मागच्या बाजूनं परड्यात आले, तर दगडावर वहिनी बसलेली. आई स्वयंपाकघराच्या दारात लाल होऊन उभी.

"बघ तुझी वहिनी! दवाखान्यातलं खाल्लं-प्यालं, म्हणून भटजींनी पंचगव्य घ्यायला सांगितलं. दूध, दही, तूप, गोमूत्र आन् शेण, घोटभर तर असतंय! घेत न्हाय. मग म्हटलं, ऱ्हा परड्यातच!"

"न्हाय कुठं म्हणतो मी, आत्याबाई?" वहिनी शांतपणे म्हणाली. "वन्संनी सांगितलंय, न उकळलेलं पोटात घालायचं न्हाय. उकळून द्या, घेतो की!"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. कोनाड्यात जर्मनचे दोन पेले होते. दुसरा वहिनीनं स्वतःच बाजारातून आणला होता.

वहिनीनं दोन्ही पेले दगडावर ठेवले आणि तांब्या टेकवून काठोकाठ भरले. पेले अगदी सारखे. मी विचारलं, "ह्यातला माझा कुठला?"

ती सरकून मला जागा करून देत म्हणाली, "कुठलाबी घ्या, वन्सं."