सेक्टर सातमधला शेतदेव

नव्वदच्या दशकात आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचा फार भरवसा होता. दर महिन्याला नव्या इमारती भरत होत्या. बस मात्र तासाला एक, आणि रिक्षा दिसली तर नशीब. तरी मी म्हणायचो, सेक्टर कसे आखीव आहेत, इथे कोण हरवणार? फक्त फाटकाशेजारचा शेंदूर लावलेला दगड माझ्या डोळ्यांत खुपायचा. इथे भातशेती होती तेव्हाचा तो शेतदेव. गाड्या वळवायला अडचण होते, तो हलवावा, असा अर्ज सोसायटीत मीच दिला होता. घरी रोज तासभर पूजा करणारा मी!

एका गुरुवारी दुपारी आईला धाप लागली. ओठ निळे पडू लागले. शेजारणीकडच्या फोनवरून वाशीहून अॅम्ब्युलन्स मागवली. "सेक्टर सात, लवकर या," म्हणालो, इमारतीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. अर्धा तास झाला तरी गाडी येईना. तेव्हा शेजारीण म्हणाली, "भाऊ, कोपरखैरणे बोललात ना? सेक्टर सात वाशीला पण आहे."

मी कोपरखैरणे म्हणालोच नव्हतो. गाडी निघून गेलेली, तिला निरोप देणार कसा? दुसरी मागवायची तर आणखी अर्धा तास. आईला धरून फाटकाशी आणलं. एवढा रुंद रस्ता, पण चिटपाखरू नाही. मला रडू फुटलं. "देवा, माझी अक्कल संपली. आता तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

थोड्याच वेळात दगडाजवळ एक टेम्पो थांबला. गावातले एक वयस्क काका नारळ घेऊन उतरले. आईकडे नजर जाताच त्यांनी नारळ परत सीटवर टाकला. "आयला पुढं बसव. देव थांबंल."

वाटेत कळलं, ते आमच्या सोसायटीच्या जमिनीचे जुने मालक. "दर मंगलवारी येतो. या मंगलवारी टेंपो बंद परला, म्हनून आज आलो."

दवाखान्यात आईला ऑक्सिजन लावला. तिचा श्वास हळूहळू संथ झाला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. चौथ्या दिवशी ती घरी आली.

अर्ज मी मागे घेतला आणि काकांना ओशाळून सगळं सांगितलं. ते हसले. "अरं, शेत गेला तरी देव रुसला नाय. तुज्या कागदावर काय रुसनार?"

आता पत्ता सांगताना मी म्हणतो, कोपरखैरणे, सेक्टर सात, शेतदेवाजवळ. त्या दिवशी माझा पत्ता मला नीट सांगता आला नाही. देवाला तो कुणी सांगावा लागला नाही.