काचेला लावलेली विभूती

गायत्रीच्या काचेला विभूती मी लावली. हेतू पवित्र होता, हे आधीच सांगून ठेवतो.

उमरग्याच्या एका कॉलेजात ती पीएचडी करते. तिचे वडील माणिकप्पा माझे मित्र, म्हणून सास्तूरहून तिचा डबा घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो होतो. ती हात धुवायला गेली. टेबलावर काचेची एवढीशी पट्टी. उद्या तिच्या कामाची तपासणी, हे मला ठाऊक होतं. खिशात विभूती होतीच. ओढली तीन बोटं! मग वाटलं, पोरगी रागवेल. उपरण्यानं पुसून टाकली. काच लख्ख दिसली. मला तेवढंच विज्ञान येतं.

माणिकप्पांच्या शेतातल्या मोटारीच्या पेटीवरचा, विजेचे आकडे दाखवणारा पडदा दर उन्हाळ्यात काळा पडे, आकडेच दिसत नसत. उन्हाला न भिणारा पडदा करायचा, हे गायत्रीनं तेव्हाच डोक्यात घेतलं. काचेवर केसाहून कितीतरी पातळ थर चढवायचे; वीज मिळाली की त्यातला एक स्वतःच हळदीसारखा पिवळा उजळतो. त्याला सांभाळणारा वरचा थर मात्र कच्चा निघायचा. वीज तो फोडून जायची आणि काळे डाग पडायचे. त्या वरच्या थरासाठी तिनं नवं मिश्रण बनवलं होतं. यंदाही डाग पडले तर विषय बदलायचा, असं तिचे मार्गदर्शक श्रीशैल सर बजावून बसले होते. खालचे थर आधीच चढले होते; हा नवा तिनं त्याच दुपारी चढवून भट्टीत भाजला, माझ्या विभूतीवर.

दुसऱ्या दिवशी सर तपासायला आले, माणिकप्पाही बघायला आले. गायत्रीनं बटण दाबलं. काच उजळली, आणि पिवळ्या उजेडात तीन आडवे काळे पट्टे! माणिकप्पांनी तिथंच हात जोडले.

"आप्पा, हात खाली घ्या. डाग हाय त्यो." मग ती माझ्या कपाळाकडं बघत राहिली. "काका, तुमी लावली?"

"थोडीच लावली गं."

"थोडीच? माझ्या साऱ्या वर्षाला पुरली की!"

श्रीशैल सरांनी मान हलवली. "बदला विषय."

"नाही सर. पट्ट्यांच्या मधलं बघा."

मधला उजेड अखंड होता, एक ठिपका नाही. तिनं वीज वाढवली. सर वाकले. तिनं आणखी वाढवली.

"राख होती तिथंच थर फाटलाय. बाकी टिकलाय. स्वच्छ काचेवर पुन्हा करून दाखवते."

सर सरळ उभे राहिले. "एकदाच," ते म्हणाले.

ते जिना उतरायच्या आत तिनं नवी काच घासायला घेतली. मला दाराबाहेर खुर्ची मिळाली. उंबरा ओलांडायचा नाही, ही अट. संध्याकाळी मी तिथूनच ओरडलो, "अगं, आता तरी जरा थांबशील का?"

"थांबलेय की, भट्टी गार व्हायला."