भरवणारीला काय म्हणायचं

मिरजेच्या फलाटावर रेणूनं वहिनीचा पदर सोडला नाही. मीच तिची बोटं एकेक करून सोडवली. साडेतीन वर्षांची होती. गाडी हलली तशी वहिनी तिथंच खाली बसली, आणि मी खिडकी लावून घेतली.

रेणूची आई बाळंतपणात गेली. वहिनीच्या अंगावर तेव्हा चार महिन्यांचा मुलगा होता. तिनं दोघांनाही पाजलं. मी इंग्लंडात, केअर होममध्ये, परक्या म्हाताऱ्यांना चमच्यानं सूप भरवत होतो. बस्तान बसल्यावर लेकीला न्यायला आलो.

आम्ही आटपाडीकडचे मेंढरं राखणारे. आई मेलेल्या कोकराला मीठ चोळून दुसऱ्या मेंढीपुढं धरतात. चाटता चाटता तिला ते आपलं वाटायला लागतं. दादा म्हणाला होता, "चाटल्यालं कोकरू तोडू ने रं. मेंढी खुळी हुती."

"दादा, पोरगी हाय ती, मेंढरू न्हाई."

"व्हय. मेंढरू असतं तर तुला कळलं असतं."

इंग्लंडात वहिनीचा फोन आला की रेणू दोन दोन दिवस जेवायची नाही. मी नंबर बदलला. तिला सांगितलं, काकीला आता वेळ नसतो. पुढं शाळेच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात रेघ मारली. हे आजवर कुणाशी बोललो नव्हतो. रेणू विचारायची कधी थांबली ते कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

आता ती पोरक्या मुलांना फॉस्टर घरं शोधून देते. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, फॉस्टर हा फार जुना शब्द आहे. मुळात अर्थ अन्न. खाऊ घालून वाढवणं. जन्म देण्याशी संबंधच नाही." मग थांबून, "मला कुणी फॉस्टर केलं?"

सगळं सांगितलं. ती ताटावरून उठली. आठवडाभर बोलली नाही, मग गावाकडचं तिकीट काढल्याचं कळवलं. एकटीचं.

मी वहिनीला फोन लावला. दादा गेला तेव्हाही केला नव्हता. शिव्या खायची तयारी होती. रेणू येतेय, एवढंच सांगितलं.

"भावजी, बाजरीची भाकरी खाती का ती?"

ठाऊक न्हाई, म्हणालो. मी कधी करून घातलीच नव्हती.

"असूं द्या," वहिनी म्हणाली, "दुधात कुस्करून दीन."

इथं आमची माणसं जमली की घर म्हणजे काय यावर पुष्कळ बोलतात. मी ऐकून घेतो. माझ्यापुरतं घर म्हणजे आता जिथं रेणू निघाली आहे, आणि जिथं मला कुणी ये म्हटलेलं नाही.