लिफाफ्यातली गोळी

“चांगलीवाली निंघाली तुमची!”

लिफाफा फाडून चिठ्ठी वाचली की भाऊ हे इतक्या आनंदाने जाहीर करत, की तापाने फणफणलेला माणूसही उशीवरून डोकं उचलून हसायचा.

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी नोंदी ठेवायची आणि भाऊ वॉर्डात अटेंडंट होते. स्क्रब टायफस म्हणजे गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप. त्यावर दोन औषधं चालतात, डॉक्सी आणि अॅझिथ्रो. त्यांतलं सरस कोणतं, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. म्हणून कोणाला काय द्यायचं ते बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवायची, आणि लिफाफे फोडायचं काम भाऊंकडे होतं.

समुद्रपूरकडून सोयाबीन निंदता निंदता आलेल्या माणसाला हे पटणार कसं, तुम्हीच सांगा. नातेवाईकांची ठाम समजूत, की खरी गोळी भाऊंच्या खिशात आहे. जाम गावचा एक दुकानदार, बायकोला ती खरी गोळी मिळावी म्हणून करंडीभर संत्री घेऊन आला. भाऊंनी ती वॉर्डभर वाटली, दोन स्वतः खाल्ली आणि लिफाफा नेहमीसारखा वरचाच उचलला.

एकदा दोन जावा एकाच दिवशी भरती झाल्या. दोघींनाही चांगलीवाली! संध्याकाळी पाहतात तर एकीची कॅप्सूल, दुसरीची गोळी. एवढ्या तापात इतकं भांडायचं बळ त्यांनी कुठून आणलं, देव जाणे.

“खोटं काऊन बोलले, भाऊ?” थोरलीनं विचारलं.

“खोटं नाई बाई. तुले तुही चांगली, तिले तिची.”

डॉक्टरांनी भाऊंना बोलावून चांगलंच झापलं. आठवडाभर भाऊंनी ‘चांगलीवाली’ म्हणणं बंद ठेवलं. त्या आठवड्यात, चिठ्ठीने औषध घ्यायला तयार आहे अशा फॉर्मवर सही करायला नकार देणारे वाढले. मी ते वहीत लिहिलं आणि वही मिटली.

मग नालवाडीहून भाऊंच्या बायकोला आणलं. अंगाची नुसती भट्टी, काखेत किडा चावल्याची काळी खपली. मी फॉर्म पुढे केला. भाऊंनी पेन उचललं, परत ठेवलं.

“नाई, मॅडम. हिचं नाव त्याच्यात नोका टाकू. डॉक्टरसाहेब, तुमीच निवडा.”

डॉक्टर दोन्ही हातांत दोन डबे घेऊन उभे राहिले. त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्यासाठीच तर सगळा खटाटोप चालला होता. शेवटी त्यांनी डॉक्सी दिली. मला हसू येत होतं, पण भाऊ डब्यावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते.

चौथ्या दिवशी ताप उतरला. तोवर शेजारच्या खाटेवरून वहिनींना सगळी बातमी पोचली होती.

“दुनियेले चिठ्ठी, अन् मले काऊन नाई? भरोसा नव्हता काय तुमचा?”

“होता वो.” भाऊ पेल्यातलं साखरमीठ ढवळत राहिले. “पण तू एकच हाय मले.”

वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतःहून चादरींच्या खोलीत बदली मागून घेतली. “आता मले कोणाच्या तोंडाकडे पाह्यनं होत नाई,” एवढंच म्हणाले.

लिफाफे आता मी फोडते. चिठ्ठी वाचते, औषधाचं नाव नीट सांगते. तरी खाटेवरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो, अजून काहीतरी सांगायचं राहिलंय असं.